नागपूरच्या टेकड्यांवर सर्पमाशी का आढळत नाही?

धरमपेठकर (धागाकर्ते)

सर्व सभासदांना नमस्कार. रॅफिडिऑप्टेरा या गणातील कीटकांविषयी, म्हणजे सर्पमाश्यांविषयी, हा धागा काढत आहे. फिओस्टिग्मा नोटाटा ही सर्पमाशी युरोपातील ओकच्या आणि सूचिपर्णी झाडांच्या जंगलांत आढळते. जर्मनीत राहणाऱ्या माझ्या भाचीने जून महिन्यात काढलेले तिचे एक सुरेख छायाचित्र मला पाठवले. ते पाहताच गेल्या पावसाळ्यात सेमिनरी हिल्सजवळ दिव्यावर आलेला एक कीटक आठवला. त्याचेही पंख पारदर्शक आणि बारीक शिरांच्या जाळीचे होते, आणि डोके व पंख यांच्यामधला भाग शरीराच्या मानाने विलक्षण लांब होता.

माझ्या वाचनाप्रमाणे भारतात सर्पमाश्या केवळ हिमालयाच्या परिसरात आहेत. तसे असेल तर माझा कीटक कोणता, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे साग आहे, साजा आहे, मोह आहे, सालीखाली लपणाऱ्या किडींची कमतरता नाही, मग सालीखाली शिकार करणाऱ्या या कीटकाला इथे राहायला अडचण काय आहे? 'इथे नाही' एवढ्या उत्तराने माझे समाधान होणार नाही. कारण समजून घ्यायचे आहे.

वसुधा_धंतोली

काका, आपल्याकडे त्या कीटकाचे छायाचित्र असेल तर पुढच्या पायांची जोडी पाहावी. ते पाय चालण्याचे साधे पाय आहेत, की खंडोबाच्या किड्यासारखे, म्हणजे प्रार्थनाकीटकासारखे, दुमडलेले आणि काटेरी आहेत? शिवाय ते लांब भागाच्या कोणत्या टोकाला जोडलेले आहेत, हेही सांगावे.

धरमपेठकर

ताई, छायाचित्र आहे. पुढचे पाय दुमडलेले आहेत, मांडीचा भाग जाड आहे आणि आतल्या कडेला काटे दिसतात. ते अगदी डोक्याच्या मागे, लांब भागाच्या पुढच्या टोकाला जोडलेले आहेत.

प्राणिशास्त्र_वर्ग

मग ओळख पक्की झाली. हा मँटिस्पिडी कुलातील कीटक आहे. मँटिस्पिड आणि सर्पमाशी या दोघांच्याही वक्षाचा पहिला खंड लांबलेला असतो, त्यामुळे नुसत्या आकृतीवरून गोंधळ होतो, परंतु पायांची जागा पाहिली की शंका उरत नाही. मँटिस्पिडचे पुढचे पाय त्या खंडाच्या पुढच्या टोकाला असतात आणि भक्ष्य पकडण्यासाठी घडलेले असतात. सर्पमाशीचे पुढचे पाय त्याच खंडाच्या मागच्या टोकाला असतात आणि मधल्या व मागच्या पायांसारखेच साधे असतात. त्यामुळे सर्पमाशीचे डोके आणि लांब वक्षखंड पायांच्या पुढे मोकळा राहतो, आणि तिला तो फणा काढल्यासारखा वर उचलता येतो. नावाचे कारण तेच.

मँटिस्पिडचे जीवनही कमी रंजक नाही. त्यातल्या अनेक जातींच्या अळ्या कोळ्याच्या अंड्यांच्या पिशवीत शिरतात, आतली अंडी शोषून वाढतात आणि तिथेच कोषात जातात. पण या धाग्याचा विषय सर्पमाशी असल्यामुळे फिओस्टिग्मा नोटाटाचे जीवनचक्र थोडे विस्ताराने मांडतो. धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या चक्रातच दडलेले आहे.

या जातीचे पहिले वर्णन फॅब्रिशियस यांनी १७८१ मध्ये केले. ब्रिटन, स्कॅन्डिनेव्हिया आणि मध्य युरोप हा तिचा मुख्य प्रदेश. मादीच्या पोटाच्या टोकाला अंडी घालण्याची लांब नळी असते. ती नळी सालीच्या भेगांत घालून मादी अंडी आत खोलवर ठेवते. अंड्यांतून बाहेर पडलेली अळी चपटी, चपळ आणि मांसाहारी असते. सालीखाली सापडणारी इतर कीटकांची अंडी, लहान अळ्या आणि मऊ शरीराचे जीव ती खाते, आणि अरुंद फटीत अडचण आली तर जितक्या वेगाने पुढे जाते तितक्याच वेगाने मागेही सरकते. अळीची अवस्था दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक चालते आणि त्या काळात ती दहाच्या आसपास वेळा कात टाकते. कोषावस्थाही निराळी आहे. फुलपाखराचा कोष जागचा हलत नाही, परंतु सर्पमाशीचा कोष प्रौढ होण्याच्या थोडे आधी पायांनी चालू शकतो आणि सालीतून बाहेर येऊन योग्य जागा गाठतो. प्रौढ कीटक वसंताच्या शेवटी आणि उन्हाळ्याच्या पूर्वार्धात उडतात, मावा आणि तत्सम किडी खातात, आणि काही आठवड्यांत त्यांचे आयुष्य संपते. म्हणजे आपल्याला दिसणारी माशी ही तिच्या आयुष्याचा अगदी छोटा हिस्सा आहे. खरे आयुष्य सालीखाली जाते.

नवा_निरीक्षक

सर, माहितीबद्दल मनापासून आभार. मादीच्या नळीविषयी विचारायचे आहे. ती नांगीसारखी दिसते. ती दंश करते का?

प्राणिशास्त्र_वर्ग

नाही. ती फक्त अंडी घालण्यासाठी आहे आणि तिच्यात विष नसते. माणसाला सर्पमाशीपासून कोणताही अपाय नाही.

काटोलचा_बागाईतदार

हा धागा वाचून आमच्या कामाचा एक प्रश्न मनात आला, तो विचारतो. आमच्या संत्र्याच्या बागेत साल खाणाऱ्या अळीचा त्रास कायम असतो. ती खोडाच्या बेचक्यात छिद्र करून बसते, विष्ठा आणि भुश्श्याची जाळी तयार करते आणि रात्री बाहेर येऊन साल खाते. प्रत्येक छिद्र शोधून, जाळी साफ करून आत औषधाचा बोळा घालावा लागतो आणि मोठ्या बागेत हे मजुरीला परवडत नाही. सालीखालच्या किडी खाणारा मित्रकीटक जगात उपलब्ध असेल, तर तो इकडे आणून सोडता येणार नाही का? परदेशातून मित्रकीटक आणल्याची उदाहरणे आहेतच.

वसुधा_धंतोली

भाऊ, प्रश्न रास्त आहे, आणि असा प्रयोग जगात झालेलाही आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या सर्पमाश्या ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये सोडल्या गेल्या. सफरचंद पोखरणाऱ्या कॉडलिंग पतंगाच्या अळ्यांवर त्यांनी नियंत्रण ठेवावे असा हेतू होता. त्या तिथे टिकल्या नाहीत. आज दक्षिण गोलार्धात एकही सर्पमाशी नैसर्गिकरीत्या आढळत नाही.

शिवाय मित्रकीटक म्हणून तिची एक मूलभूत मर्यादा आहे. किडीची एका हंगामात पिढीमागून पिढी तयार होत असताना जिची एक पिढी पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षे लागतात, ती त्या किडीला गाठू शकत नाही. आपल्याकडे याच नात्यातला क्रायसोपा, म्हणजे हिरवा जाळीपंखी कीटक, आधीपासून आहे. त्याची पिढी काही आठवड्यांत पूर्ण होते. मावा आणि सिट्रस सायला या रस शोषणाऱ्या किडीची पिल्ले तो खातो, आणि त्याची अंडी पानावर केसाएवढ्या बारीक देठांवर उभी दिसतात. साल खाणाऱ्या अळीवर त्याचा उपयोग नाही, हे मान्य आहे. तरी अंबिया बहाराच्या नव्या पालवीवर ही देठावरची अंडी दिसली, तर त्या वेळी फवारणी करण्याआधी विचार करावा असे मला मनापासून वाटते.

काटोलचा_बागाईतदार

ताई, ती देठावरची अंडी आम्ही पाहिली आहेत. कित्येकांना ती बुरशी वाटते आणि ते घाईने फवारणी करतात. मी आमच्या गटात हे नक्की सांगेन. पण ऑस्ट्रेलियात सर्पमाशी का टिकली नाही, हे समजले तर आपल्या मूळ प्रश्नाचेही उत्तर मिळेल असे वाटते.

प्राणिशास्त्र_वर्ग

बरोबर दिशेने विचार करत आहात. विशिष्ट ठिकाणच्या अपयशाला अनेक कारणे असू शकतात, आणि तिथल्या प्रयोगाविषयी मी ठामपणे बोलणार नाही. परंतु आजच्या सर्व सर्पमाश्यांना लागू पडणारी एक अट आहे, आणि ती म्हणजे थंडी. व्हिएन्नाचे हॉर्स्ट आणि उल्रिके आस्पॉक या दांपत्याने अनेक दशके सर्पमाश्यांचा अभ्यास केला, शेकडो अळ्या अंड्यापासून वाढवल्या आणि जगभरातील जातींची मांडणी केली. त्यांच्या कामातून स्पष्ट झालेली गोष्ट अशी की, अळीला कोषात जाण्यासाठी, किंवा काही जातींत कोषातून प्रौढ बाहेर येण्यासाठी, कमी तापमानाचा काळ मिळावा लागतो, आणि हे तापमान शून्य अंशाच्या आसपासचे असावे लागते.

हा काळ मिळाला नाही तर अळी लगेच मरत नाही. ती खात राहते, कात टाकत राहते आणि वर्षानुवर्षे अळीच राहते. काही अळ्यांत मग विकृती दिसू लागते. शरीर अळीचेच राहते आणि त्यावर पंखांचे अंकुर किंवा प्रौढाच्या डोळ्यांसारखे भाग अर्धवट उमटतात. असा जीव पुढे प्रजनन करू शकत नाही. म्हणून अन्न, झाडे आणि साल सर्व काही उपलब्ध असले, तरी ज्या प्रदेशात हिवाळा पुरेसा थंड नाही तिथे सर्पमाशीची पुढची पिढी तयार होत नाही. धागाकर्त्यांना सालीखालचे अन्न दिसले, पण अळीला नुसते अन्न पुरत नाही.

रामटेककर

सर, आदर राखून असहमती नोंदवतो. नागपूरचा हिवाळा इतका सौम्य नाही. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस शहराचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. रामटेक आणि पेंचच्या बाजूला उघड्या शेतात त्याहून जास्त थंडी जाणवते.

दुसरा मुद्दा अक्षांशाचा. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. सर्पमाश्या तैवानमध्ये आहेत, जिथून कर्कवृत्त जाते. उत्तर थायलंडमध्ये आहेत, आणि तो प्रदेश नागपूरच्याही दक्षिणेला आहे. अमेरिकेत तर मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या सीमेपर्यंत त्यांची नोंद आहे. मग नागपूरच फार दक्षिणेला आहे असे कसे म्हणता येईल?

प्राणिशास्त्र_वर्ग

आपले तपशील योग्य आहेत आणि आपल्या मुद्द्यानेच उत्तर अधिक नेमके होते. आपण सांगितलेल्या दक्षिणेकडच्या जागा डोंगरांतल्या आहेत. वितरणक्षेत्राच्या उत्तर भागात सर्पमाश्या सपाटीवर मिळतात आणि दक्षिणेकडे जावे तशा त्या उंच चढत जातात. उत्तर आफ्रिकेतही त्या पर्वतांतच आहेत. म्हणजे नकाशावर अक्षांशाची रेषा ओढून उपयोग नाही. उंची पाहावी लागेल. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे आणि इथला उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो.

राहिला ३.५ अंशांचा मुद्दा. ती काही रात्रींची लाट होती. दुपारी ऊन पडले की सालीखालचे तापमान पुन्हा वर जाते. अळीच्या शरीरात जो बदल घडायचा आहे त्याला टिकून राहणारी थंडी लागते, एखाद्या पहाटेची थंडी पुरत नाही.

रामटेककर

उंचीचा मुद्दा पटला. मग सातपुड्याच्या उंच भागाचा विचार व्हायला हवा, असे माझे म्हणणे राहील.

गोंडवन

तापमानाचे स्पष्टीकरण योग्य आहे, पण ते पूर्ण नाही असे मला वाटते. 'सर्पमाशीला थंडी लागते' हे आजच्या सर्पमाश्यांविषयी खरे आहे. आज जगात त्यांच्या सुमारे २५० जाती आणि फक्त दोन कुले उरली आहेत, रॅफिडिडी आणि इनोसेलिडी. मध्यजीव महाकल्पात, म्हणजे डायनोसॉरांच्या काळात, परिस्थिती फार वेगळी होती. ब्राझीलच्या क्राटो येथील खडकांत, जे ११ कोटी वर्षांहून जुने आहेत, सर्पमाश्यांचे जीवाश्म मिळाले आहेत, आणि म्यानमारच्या सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरमध्येही, म्हणजे झाडाच्या अश्मीभूत राळेतही, त्या अडकलेल्या आहेत. ते प्रदेश त्या काळी उष्ण होते. बैसोप्टेरिडी आणि मेसोरॅफिडिडी अशी संपूर्ण कुले तेव्हा होती आणि आज त्यांच्यातले कोणीही उरलेले नाही.

म्हणून खरा प्रश्न असा विचारायला हवा की, ज्या गणाचे सदस्य एकेकाळी उष्ण प्रदेशात सुखाने राहत होते, त्यातले केवळ थंडीशी बांधलेलेच का उरले? आस्पॉक यांचे गृहीतक असे आहे की ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर नष्ट झाले त्या महाविनाशाच्या वेळी, मेक्सिकोच्या चिक्शुलूब येथे अशनी आदळला, धुळीने सूर्यप्रकाश अडला, तापमान कोसळले आणि उष्ण प्रदेशातील सर्पमाश्या नष्ट झाल्या. ज्यांच्या जीवनचक्रात थंडी सोसण्याची सोय आधीच होती, त्याच वाचल्या. आजच्या जाती त्यांच्या वंशज आहेत आणि पूर्वजांची ती सोय त्यांच्यात सक्तीची अट बनून राहिली आहे.

दगडफूल

गोंडवनजी, आपल्या प्रतिसादात ६.६ कोटी वर्षांचा उल्लेख आला आणि मला नागपूरच्या खडकांविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. ज्या सेमिनरी हिल्सवरून हा धागा सुरू झाला, ती टेकडी आणि सीताबर्डीची टेकडी, दोन्ही दख्खनच्या लाव्हारसाच्या काळ्या दगडाच्या आहेत. शहराच्या पश्चिमेला हा काळा दगड, पूर्वेला त्याहून कितीतरी प्राचीन नाइस खडक, आणि उत्तरेला कामठीकडे गोंडवन काळातले वालुकाश्म, असा तीन युगांचा संगम आपल्या शहराखाली आहे. दख्खनचे ज्वालामुखी त्या महाविनाशाच्या आधीपासून पेटलेले होते आणि नंतरही काही काळ वाहत राहिले. भारताचे भूखंड तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होते आणि आशियाला जोडले गेलेले नव्हते.

दोन लाव्हाथरांच्या मधल्या शांत काळात तळी साचली, त्यांत गाळ जमला आणि त्या गाळात त्या काळचे जीव जपले गेले. नागपुरात १८४५ मध्ये आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टाकळीच्या परिसरात असे थर शोधले आणि त्यांतून शिंपले, बिया, फळे यांबरोबर कीटकांचे अवशेषही जमवले. अँड्र्यू मरे यांनी १८६० मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात नागपूरच्या या कीटक जीवाश्मांवर टिपण लिहिले. त्यात प्रामुख्याने भुंगेऱ्यांचे कठीण पंख होते. कीटकांच्या जीवाश्मांचा विचार करताना ही बाब ध्यानात घ्यावी लागते. भुंगेऱ्याचे कवचासारखे पंख टिकतात, सर्पमाशीचे नाजूक जाळीदार पंख क्वचितच टिकतात.

माझा मुद्दा असा की, अशनीला सगळे श्रेय देण्याआधी दख्खनच्या ज्वालामुखींचाही विचार व्हावा. हवेत मिसळलेला गंधकयुक्त वायू आणि कार्बन डायऑक्साइड यांनी हवामान आधी थंड आणि नंतर उष्ण केले असणे शक्य आहे.

गोंडवन

दगडफूलजी, नागपूरच्या खडकांविषयी इतके सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. दख्खनच्या ज्वालामुखींचा वाटा मी नाकारत नाही. परंतु दोन्ही कारणांना लागू पडणारी एक अडचण आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया आणि लगतच्या अमेरिकी प्रदेशात सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या, म्हणजे महाविनाशानंतर बऱ्याच काळाने साचलेल्या थरांत, सर्पमाश्यांचे जीवाश्म मिळतात. आजची दोन्ही कुले तिथे आहेत. त्याच प्रदेशात ताडवर्गीय वनस्पतींच्या खुणाही आहेत, आणि ताडाला कडक हिमाचा हिवाळा सोसत नाही. याचा अर्थ तिथले हिवाळे सौम्य होते आणि तरीही सर्पमाश्या राहत होत्या. त्यामुळे काही अभ्यासकांचे मत असे आहे की थंडीची सक्ती ही महाविनाशातून आलेली नसून, नंतर पृथ्वी थंड होत गेली तेव्हा दोन्ही कुलांत स्वतंत्रपणे निर्माण झाली असावी.

मला स्वतःला हे दुसरे मत अधिक सबळ वाटते, कारण ते जीवाश्मांच्या शेजारी मिळालेल्या वनस्पतींच्या पुराव्यावर उभे आहे.

प्राणिशास्त्र_वर्ग

आणि दोन्हींपैकी कोणतेही मत स्वीकारले तरी द्वीपकल्पीय भारताच्या बाबतीत निष्कर्ष फारसा बदलत नाही. भारताचे भूखंड उत्तरेकडे सरकून आशियाला भिडले आणि हिमालय उभा राहिला. मध्य आशियाच्या पर्वतांत मोंगोलोरॅफिडिया या प्रजातीच्या पुष्कळ जाती आहेत आणि हिमालयातही ती प्रजाती आहे. म्हणजे हिमालयातल्या सर्पमाश्यांचे नाते आशियाच्या थंड पर्वतांशी आहे. दख्खनच्या पठाराकडून त्या तिकडे गेल्या असे मानायला आधार नाही. तिथून खाली गंगेच्या मैदानात उतरायचे म्हटले तर उष्ण, सपाट आणि विस्तीर्ण प्रदेश आडवा येतो.

मेळघाट_वाटाड्या

मी बराच वेळ शांतपणे वाचत होतो. आता रामटेककरांच्या बाजूने एक मुद्दा मांडतो. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९४९ च्या सुमारास मांडलेले सातपुडा गृहीतक अनेकांना ठाऊक असेल. हिमालयाच्या पूर्व भागातले आणि पश्चिम घाटातले काही मासे एकमेकांचे जवळचे नातेवाईक आहेत, आणि मधल्या प्रदेशात ते नाहीत. होरा यांचे म्हणणे असे की, पूर्वीच्या अधिक थंड व ओल्या काळात सातपुडा आणि विंध्य यांच्या रांगांवरून हे जीव पश्चिमेकडे आणि मग दक्षिणेकडे गेले. या गृहीतकावर पुष्कळ आक्षेप आहेत, हे मला माहीत आहे. परंतु हिमयुगात जर थंड पट्टा खाली सरकला असेल, तर सर्पमाश्यांनाही तीच वाट मिळाली असती. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंच आहे, पचमढीचे धूपगड १३५० मीटर आहे, आणि निलगिरीत दोडाबेट्टा २६३७ मीटर आहे. निलगिरीत ऱ्होडोडेंड्रॉन आहे, हिमालयातल्या ताहर या रानबकऱ्यासारखा दिसणारा निलगिरी ताहर आहे. मग सर्पमाशीच का नाही? आणि खरोखर नाही, की सालीखाली कोणी पाहिलेच नाही?

वसुधा_धंतोली

भाऊ, पाहिले गेले नाही म्हणून असेल, हा युक्तिवाद फार ताणू नये असे मला वाटते. पश्चिम घाटात आणि निलगिरीत दीडशे वर्षांहून अधिक काळ कीटक गोळा केले जात आहेत.

वाट मिळाली तरी ती चालून जाणारा प्रवासी कसा आहे, हेही पाहावे लागते. सर्पमाशी दुबळी उडणारी आहे. एक पिढी पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षे आणि त्यातले उडण्याचे दिवस थोडेसे, अशा जिवाचे क्षेत्र फार हळू पसरते. त्यामुळेच अनेक जाती एकाच पर्वतरांगेपुरत्या किंवा एकाच बेटापुरत्या मर्यादित राहिल्या आहेत. उत्तर अमेरिकेचे उदाहरण घ्या. पश्चिम भागात सर्पमाश्या भरपूर आहेत आणि पूर्व भागात त्या नाहीत. पूर्वेला जंगल आहे, कडक हिवाळा आहे, म्हणजे थंडीची अट तिथे पूर्ण होते, तरीही त्या नाहीत. यावरून असे दिसते की थंडी ही आवश्यक अट आहे, पण पुरेशी नाही. त्या जागेपर्यंत पोहोचावेही लागते आणि पोहोचल्यावर पुढच्या सगळ्या उष्ण कालखंडांत टिकावेही लागते. हिमयुग संपल्यावर सातपुड्यासारख्या बुटक्या रांगेत त्यांना वर सरकायला जागाच उरली नसती. निलगिरीबाबत मात्र आपला प्रश्न सुटत नाही. तिथे त्या पोहोचल्याच नाहीत, एवढेच मला संभाव्य वाटते.

मेळघाट_वाटाड्या

ताई, अमेरिकेच्या उदाहरणाने मुद्दा पुष्कळ स्पष्ट झाला. सातपुड्याबाबत माझा आग्रह मी सोडतो, निलगिरीबाबत मनात कुतूहल राहील. एक सूचना सर्वांसाठी आवर्जून करतो. हा धागा वाचून कोणी मेळघाटात किंवा पेंचमध्ये झाडांच्या साली सोलून पाहू नयेत. व्याघ्र प्रकल्पात परवानगीशिवाय असे काही करणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या विरुद्ध आहे, आणि सालीखालचे जग एकदा उघडे पडले की तिथले जीव वाळून मरतात.

नवा_निरीक्षक

मग नागपुरात राहून या नात्यातले कोणते कीटक पाहता येतील, हे जाणकारांनी सांगावे. सर्पमाशी नाही तर तिचे नातेवाईक तरी ओळखता यावेत अशी इच्छा आहे.

प्राणिशास्त्र_वर्ग

न्यूरॉप्टेरा हा सर्पमाश्यांचा जवळचा गण आहे आणि त्यातले बरेच कीटक अंबाझरी, गोरेवाडा, अगदी आपल्या अंगणातही मिळतील. क्रायसोपाचा उल्लेख वर आलाच आहे. देवळाच्या किंवा घराच्या आडोशाला कोरड्या बारीक मातीत उतरते खड्डे करून तळाशी मुंगीची वाट पाहणारी अळी प्रत्येकाने लहानपणी पाहिली असेल. तिचा प्रौढ कीटक चतुरासारखा दिसतो, पण त्याच्या मिशा आखूड आणि टोकाला जाड असतात. तसाच दिसणारा, परंतु लांब मिशांच्या टोकाला गाठ असलेला कीटक संध्याकाळी उडताना दिसला, तर तो ॲस्कॅलॅफिड समजावा. आणि मँटिस्पिड तर धागाकर्त्यांनी पाहिलाच आहे. पावसाळ्यात दिव्याजवळ पांढरी चादर लावली तर हे बहुतेक एका रात्रीत भेटतात.

धरमपेठकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझा पहिला प्रश्न सुटला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला आता असे समजले आहे की, इथला हिवाळा अळीला कोषात जाऊ देत नाही, आणि जिथे तो जाऊ देईल अशा दक्षिणेतल्या उंच जागांपर्यंत हा कीटक बहुधा पोहोचलेलाच नाही. येत्या मे-जूनमध्ये कुटुंबासह हिमाचलात जाण्याचा विचार आहे. देवदार आणि चीडच्या जंगलात सर्पमाशी शोधायची असेल तर काय करावे, आणि छायाचित्रात कोणते भाग स्पष्ट यायला हवेत?

वसुधा_धंतोली

काका, सकाळी ऊन चढल्यावर जंगलाच्या कडेच्या झाडांच्या खालच्या फांद्या पाहाव्यात, दाट सावलीत शोधू नये. फांदीखाली उलटी छत्री धरून काठीने फांदीवर दोन-तीन हलके टोले द्यावेत. सर्पमाशी पडली तर ती छत्रीच्या कापडावरून धावत कडेकडे जाते. साल सोलायची गरज नाही. पाहून झाल्यावर तिला त्याच फांदीवर सोडावे.

प्राणिशास्त्र_वर्ग

छायाचित्रांत दोन जागा आवर्जून याव्यात. पहिली, डोक्याचा माथा वरून. रॅफिडिडी कुलात दोन मोठ्या डोळ्यांच्या मध्ये तीन साधे डोळे असतात, इनोसेलिडी कुलात ते नसतात. दुसरी, पुढच्या पंखाच्या टोकाकडचा गडद डाग. रॅफिडिडीत त्या डागातून एक शीर आडवी जाते, इनोसेलिडीत जात नाही. एवढ्यावरून कुल ठरते. जाती ठरवण्यासाठी बहुधा नराच्या पोटाच्या टोकाची रचना तपासावी लागते, म्हणून नर मिळाल्यास त्या भागाचे बाजूने आणि मागून एकेक छायाचित्र घ्यावे. सोबत झाडाचे नाव, तारीख आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लिहून ठेवावी.